नांव एक, नोंद एक

घरीं येणाऱ्या दुकानाच्या पावतीवर पंधरा अक्षरांचा व अंकांचा एक क्रमांक छापलेला असतो. दुकान महाराष्ट्रांतील असेल तर त्याचा आरंभ २७ या अंकानें होतो, गोव्यांतील असेल तर ३० नें. ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्या क्रमांकांत कोठेंच नाहीं. तो एका वेगळ्या यादींत एकदांच लिहून ठेवलेला आहे, आणि असंख्य पावत्या त्या एका ओळीकडे बोट दाखवून मोकळ्या होतात. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ रोजीं सुरू झाला. पण त्यासाठीं हे अंक नव्यानें शोधावे लागले नाहींत. २०११ च्या जनगणनेनें राज्यांना जे क्रमांक दिले होते तेच उचलण्यांत आले.

अशा यादीला संगणकाच्या व्यवसायांत ‘लुकअप टेबल’ म्हणतात. मराठींत तिला संदर्भ-कोष्टक म्हणतां येईल. एका रकान्यांत संकेतांक, दुसऱ्यांत नांव, एवढाच तिचा संसार. दिसायला इतकी क्षुल्लक असलेली ही वस्तु नसली तर कोट्यवधि माणसांची मोजणी वायां जाऊं शकते. आणि ती अविचारानें केलेली असली तर जिवंत माणसाला कागदावर जागाच उरत नाहीं. म्हणून तिचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभ संगणकाच्या फार पूर्वीं, मृत्यूच्या नोंदवह्यांत सांपडतो. इंग्लंडमध्यें १८३७ सालीं जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तिच्या आंकड्यांचें काम लौकरच विल्यम फार या वैद्याकडे आलें. ठिकठिकाणांहून आलेलीं मृत्यूचीं कारणें तो वाचूं लागला, तेव्हां एकाच रोगाला अनेक नांवें आणि एकाच नांवाखालीं अनेक रोग असा प्रकार त्याला आढळला. अशा नोंदींची बेरीज करणें म्हणजे शेर आणि मण एकाच रकान्यांत मांडून त्यांची बेरीज करण्यासारखें होतें. पदार्थविज्ञानांत वजनमापांना जें स्थान आहे तेंच आंकडेशास्त्रांत नांवांच्या निश्चित यादीला दिलें पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

१८५३ सालीं ब्रुसेल्स येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेनें फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पिन या दोघांवर सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचें काम सोंपविलें. दोन वर्षांनीं दोघेहि पॅरिसला आले ते दोन निरनिराळ्या याद्या घेऊन! एकाच्या वांटणींत रोगाच्या शरीरांतील स्थानाला महत्त्व होतें, दुसऱ्याच्या वांटणींत रोगाच्या प्रकृतीला. दोघेहि जाणते होते. परंतु रोग स्वतः आपलें नांव सांगत नाहीं, तें माणसांना ठरवावें लागतें. अखेर तडजोड होऊन १३९ कारणांची यादी मान्य झाली. पुढें १८९३ सालीं शिकागो येथें झाक बर्तियाँ या फ्रेंच सांख्यिकाची यादी स्वीकारली गेली. १९४८ सालीं, सहाव्या सुधारणेच्या वेळीं, जागतिक आरोग्य संघटनेनें ती आपल्याकडे घेतली. तिची अकरावी सुधारणा १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली.

यादी ठरली, तरी ती यंत्राला कळावी कशी? त्याचें उत्तर अमेरिकेंत मिळालें. तेथील १८८० च्या जनगणनेचे आंकडे जुळवितां जुळवितां दशक सरत आलें होतें. १८९० च्या जनगणनेंत हर्मन होलेरिथ याचीं यंत्रें वापरण्यांत आलीं. प्रत्येक माणसामागें जाड कागदाचें एक कार्ड असे आणि त्यावर ठराविक जागीं भोंक पाडीत. कार्डावर शब्दाला जागा नव्हती. त्यामुळें प्रत्येक उत्तराची जागा आधींच ठरवून ठेवणें भाग पडलें. यंत्रानें काम तर जलद केलेंच, शिवाय माणसांना एक शिस्तहि लावली: मोजण्यापूर्वीं नांवें ठरवा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कार्डें गेलीं आणि संगणकाची स्मरणशक्ति वाढली. तेव्हां शब्द लिहिण्याची मुभा मिळाली आणि जुना घोटाळा पुन्हां डोकें वर काढूं लागला. एडगर कॉड हा मूळचा इंग्रज गणितज्ञ त्या वेळीं कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेंत होता. त्याचा एक निबंध जून १९७० मध्यें प्रसिद्ध झाला आणि आज बँका, रेल्वे व सरकारी कचेऱ्या ज्या पद्धतीनें माहिती ठेवतात त्या पद्धतीचा पाया त्यानें घातला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, कोष्टकांतील प्रत्येक ओळीला तिची एकटीची ओळखखूण असावी, आणि एका कोष्टकाला दुसऱ्यांतील गोष्ट हवी असेल तर तिनें ती गोष्ट पुन्हां न लिहितां केवळ तिची खूण लिहावी. पहिल्या खुणेला त्यानें ‘प्रायमरी की’ म्हटलें, उसन्या खुणेला ‘फॉरिन की’.

याचा व्यवहारांतील अर्थ एका उदाहरणावरून ध्यानीं येईल. समजा, एखाद्या पेढीच्या दप्तरांत मुंबईच्या एक लक्ष गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत आणि प्रत्येक पत्त्यांत शहराचें नांव लिहिलेलें आहे. कोणा कारकुनानें ‘बॉम्बे’ लिहिलें, कोणी ‘मुंबई’, कोणी ‘मुम्बई’. माणसाला हीं तिन्ही एकच. यंत्राला तीं तीन शहरें. १९९५ सालीं शहराचें अधिकृत नांव बदललें तेव्हां अशा दप्तरांत लक्ष ठिकाणीं खाडाखोड करावी लागली असती. शहरांचें कोष्टक निराळें असतें तर एका ओळींतील एक शब्द बदलून काम भागलें असतें. कॉडच्या पद्धतींत पहाऱ्याचीहि सोय आहे. अशा कोष्टकांशीं बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेचें प्रमाण रूप १९८६ सालीं ठरलें आणि १९८९ च्या सुधारणेंत त्यांत असा नियम आला कीं, जी खूण मूळ यादींत नाहीं ती नोंदींत लिहूं देऊं नये. म्हणजे ‘मुम्बई’ दारांतच अडली.

कोष्टक करतांना एक मोह मात्र आवरावा लागतो: संकेतांकालाच बोलकें करण्याचा. बोलकी खूण लक्षांत राहते. पण नांव बदललें कीं ती खोटी पडते. उत्तरांचल राज्याच्या मोटारींवर ‘यूए’ हीं अक्षरें असत. १ जानेवारी २००७ पासून राज्याचें नांव उत्तराखंड झालें आणि नव्या गाड्यांना ‘यूके’ हीं अक्षरें मिळालीं. राज्य एकच, खुणा दोन. उलट मुंबईच्या विमानतळाची ‘बीओएम’ ही खूण नामांतरानंतरहि तशीच राहिली. तिच्यांतून जुनें नांव डोकावतें खरें. परंतु खुणेचें काम नांव मिरविण्याचें नाहीं, ओळख पटविण्याचें आहे, आणि तें ती बिनचूक करते.

आपल्या टपालाचा पिनकोडहि बोलका आहे. पण त्याची योजना दूरदर्शी होती. टपाल खात्यांतील अधिकारी आणि संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं ती आंखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजीं ती सुरू झाली. एकाच नांवाचीं अनेक गांवें आणि अनेक भाषा-लिप्यांतील पत्ते यांतून वाट काढण्यासाठीं सहा अंकांची ही खूण आली. तिचा पहिला अंक टपालाचा विभाग सांगतो, आणि महाराष्ट्र, गोवा व मध्य प्रदेश हे एकाच चौथ्या विभागांत येतात. त्यामुळें १ नोव्हेंबर २००० रोजीं मध्य प्रदेशांतून छत्तीसगड वेगळें निघालें तरी तेथील पिनकोड बदलावे लागले नाहींत.

दुसरा नियम याहूनहि कडक आहे: मेलेल्याची खूण जिवंताला देऊं नये. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या देशांच्या यादींत ‘सीएस’ ही खूण चेकोस्लोव्हाकियाची होती. तो देश १९९३ च्या आरंभीं दुभंगला. दहा वर्षांनीं, २००३ सालीं, तीच खूण सर्बिया व माँटेनेग्रो या नव्या राज्याला देण्यांत आली. म्हणजे जुन्या दप्तरांतील प्राग आणि नव्या दप्तरांतील बेलग्रेड एकाच खुणेखालीं आलें! बराच गहजब झाला. २००६ सालीं तें राज्यहि दुभंगलें, आणि टाकून दिलेली खूण पन्नास वर्षें कोणाला देऊं नये असें ठरलें. आपल्या करव्यवस्थेनें या बाबतींत सावधगिरी दाखविली आहे. अविभक्त आंध्र प्रदेशाचा २८ हा क्रमांक जुन्या राज्यापुरताच ठेवून तेलंगणाला ३६ आणि नव्या आंध्राला ३७ देण्यांत आला. जुनी ओळ खोडायची नसते. ती कोठवर खरी होती एवढें तिच्यापुढें लिहून ठेवायचें असतें.

येथवरची गोष्ट सोयीची झाली. माणसांच्या स्वतःविषयींच्या उत्तरांशीं यादीची गांठ पडते तेथें प्रश्न गंभीर होतो. २०११ च्या जनगणनेंत प्रत्येकाला मातृभाषा विचारली आणि जें नांव सांगितलें तें लिहून घेतलें. एकूण १९,५६९ निरनिराळीं नांवें आलीं. भाषातज्ज्ञांनीं तीं पडताळून त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरविल्या, आणि दहा हजारांहून अधिक भाषिक असलेल्यांची वर्गवारी १२१ भाषांत केली. या वर्गवारींत मालवणी कोंकणीखालीं येते. त्यामुळें सिंधुदुर्गांतील एका घरानें ‘मालवणी’ सांगितलें असेल आणि शेजारच्या घरानें ‘मराठी’, तर एकाच अंगणांत तसेंच बोलणारीं तीं दोन घरें दोन भाषांच्या हिशेबांत गेलीं. यावर वाद होऊं शकतो. परंतु मूळ उत्तर एका ठिकाणीं आणि त्याची वर्गवारी दुसऱ्या ठिकाणीं ठेवलेली असल्यामुळें वाद घालायला आधार तरी शिल्लक आहे.

त्याच वर्षीं सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातिविषयक पाहणीचें नशीब निराळें ठरलें. मार्च २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांविषयीं निकाल दिला आणि मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती हवी असें सांगितलें. तेव्हां राज्यानें या पाहणींतील आंकडे केंद्राकडे मागितले. सप्टेंबरमध्यें केंद्रानें न्यायालयापुढें प्रतिज्ञापत्र ठेवलें. १९३१ च्या जनगणनेंत ४,१४७ जातींची नोंद होती. या पाहणींत ४६ लाखांहून अधिक नांवें निघालीं, असें त्यांत म्हटलें होतें. महाराष्ट्रांत अनुसूचित जाति, जमाति व इतर मागासवर्ग यांच्या याद्यांत मिळून ४९४ नांवें. पाहणींत मात्र ४,२८,६७७! बहुतेक नांवांखालीं शंभर माणसेंहि नव्हतीं. कारणहि त्यांत दिलें होतें: पाहणीपूर्वीं जातींची नोंदसूची केलेली नव्हती, आणि प्रगणकांनीं एकाच जातीचें नांव वेगवेगळ्या तऱ्हेनें लिहिलें होतें. हे आंकडे वापरण्याजोगे नाहींत असें केंद्रानें सांगितलें आणि डिसेंबरमध्यें न्यायालयानें राज्याची मागणी फेटाळली. घरोघर जाऊन केलेले श्रम, लोकांनीं मोकळेपणानें दिलेलीं उत्तरें, आणि त्यांवर अवलंबून असलेल्या राखीव जागा, हें सारें एका न लिहिलेल्या कोष्टकापाशीं येऊन अडलें.

मग यादी आधीं करून ठेवली कीं सारें सुरळीत होईल काय? तितकें सोपें नाहीं. यादी करणारा माणूस कचेरींत बसतो आणि ज्याचें नांव घालायचें तो दूर कोठें वाडीवस्तीवर असतो. एखाद्या लहान समाजाचें नांव यादींत राहून गेलें तर दारांतला तो कडक पहारेकरी त्यालाहि अडवील, आणि प्रगणक त्याला जवळच्या भलत्याच नांवाखालीं ढकलील. म्हणून शहाण्या कोष्टकांत शेवटीं ‘इतर’ अशी एक ओळ ठेवतात, आणि तिच्यापुढें माणसाचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे लिहायला जागा सोडतात. त्या शब्दांचा निवाडा मागाहून जाणत्यांनीं करावा. योग्य ठरेल तें नांव यादींत नव्या क्रमांकानें घ्यावें. आणि कोणत्या दिवसापासून घेतलें तेंहि लिहावें.

पुढच्या जनगणनेंत जातींची गणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं जाहीर केला. त्या गणनेविषयीं पुष्कळ चर्चा झाली आहे: ती व्हावी कीं नाहीं, तिचा लाभ कोणाला. पण कोणत्याहि गणनेचें यश कांहीं अंशीं तरी प्रगणकानें पहिल्या दारावर थाप मारण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. त्याच्या हातांतील यादी कोणी केली, ती करतांना कोणाला विचारलें, आणि तींत ज्याचें नांव नाहीं त्याच्यासाठीं किती जागा सोडली, यावर तें अवलंबून असतें. विल्यम फारच्या टेबलावर मृत्यूच्या नोंदींचे गठ्ठे येऊन पडले तेव्हां त्याच्यापुढें हाच प्रश्न होता.