आर्मिनियस आणि कृपेचा वाद



कामगार चळवळीतला माणूस सतराव्या शतकातील एका डच धर्मपंडितावर बोलायला उभा राहिला, याचे कित्येकांना नवल वाटेल. खुलासा असा की, मी आर्मिनियसपर्यंत गेलो तो टॉलपडलच्या वाटेने. इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी संघ काढला, शपथ घेतली; तो गुन्हा ठरून १८३४ साली त्यांना सात वर्षांची हद्दपारी झाली. सहांपैकी पाच मेथडिस्ट होते. मेथडिस्टांचा जनक जॉन वेस्ली याने १७७८ साली मासिक काढले, त्याचे नाव ‘आर्मिनियन मॅगझिन’. हा आर्मिनियस कोण, म्हणून मी शोधू लागलो.

प्रथम माझी जी समजूत झाली ती साफ चुकीची होती. पुष्कळांची तीच होते, म्हणून आधी तीच सांगतो. मला वाटले, कॅल्व्हिनपंथी म्हणतात की कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे. आणि आर्मिनियस म्हणाला की माणूस आपल्या बळावर, आपल्या सत्कृत्यांनी तरतो. संघटना बांधणाऱ्याच्या कानाला हे गोड लागते. पण आर्मिनियस असे कधीच म्हणाला नाही.

याकोबस आर्मिनियस हा आउडेवाटर गावचा. १५७५ साली स्पॅनिश फौजेने ते गाव लुटले, त्यात त्याची आई व भावंडे मारली गेली. पुढे याच माणसावर कॅथलिकांकडे झुकल्याचा संशय घेण्यात आला! जिनीव्हात तो कॅल्व्हिनचा वारस बेझा याच्या हाताखाली शिकला, १५८८ पासून आम्स्टरडॅमला पाळक होता, १६०३ साली लायडनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे सहकारी गोमारस याच्याशी त्याचा वाद जुंपला, आणि तो मिटण्यापूर्वीच १६०९ साली तो वारला.

दुसऱ्या वर्षी त्याच्या अनुयायांनी हॉलंडच्या प्रांतसभेला पाच कलमांचे निवेदन दिले. आमच्या भाषेत मागणीपत्रच. त्यातले तिसरे कलम वाचले आणि माझी समजूत कोसळली. पतित माणसाच्या अंगी तारक विश्वास स्वतःचा नसतो, त्याच्या इच्छाशक्तीतूनही तो निघत नाही, असे ते कलम सांगते. चौथे म्हणते, चांगल्याचा आरंभ, वाढ आणि शेवट सर्व कृपेचेच. फक्त ती कृपा अशी नाही की माणसाला झिडकारताच येऊ नये. सारा वाद या शेवटच्या वाक्यावर आहे. पाचव्या शतकातील पेलागियस म्हणे की माणूस स्वतःच्या स्वाभाविक शक्तीने चांगला होऊ शकतो. आर्मिनियसला त्याच्या पंक्तीला बसवतात, हा अन्याय आहे.

त्याने स्वतः भिकाऱ्याचा दाखला दिला आहे. श्रीमंताने भुकेल्या भिकाऱ्याला दान दिले, भिकाऱ्याने ते घ्यायला हात पुढे केला. एवढ्याने ते दान दान राहिले नाही काय? हात पसरणे ही काही मजुरी नव्हे.

आपल्याकडे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष सांगतात. माकडिणीचे पिलू आईला स्वतः बिलगते. मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. वाचलेला माणूस चटकन म्हणतो, कॅल्व्हिन मार्जारन्यायाचा, आर्मिनियस मर्कटन्यायाचा. मीही म्हणत असे. पण आर्मिनियसच्या पिलाला बिलगण्याचे बळही आईनेच द्यायचे असते. पिलाच्या हाती उरते ते सुटून जाणे.

निवड त्याने नाकारली, हेही खरे नव्हे. देव विश्वास ठेवणाऱ्यांना निवडतो, आणि कोण विश्वास ठेवील हे त्याला आधीच ठाऊक असते, असे तो मानी. ख्रिस्त सर्वांसाठी मेला म्हणजे सर्व तरणार, असेही त्याचे म्हणणे नाही. त्याची काळजी माणसाच्या मोठेपणाची नव्हती, देवाच्या न्यायाची होती. कृपा टाळताच येत नसेल, आणि ती मोजक्यांनाच द्यायची असेल, तर उरलेल्यांच्या पापाचे खापर देवावरच फुटते.

विरोधकांचा सवाल मात्र पोकळ नव्हता. कृपा दोघांना मिळाली, एकाने झिडकारली, दुसऱ्याने नाही. हा फरक आला कोठून? आर्मिनियसपंथीयांना याचे उत्तर जड गेले, असे माझे मत आहे.

पण तो सवाल समोरासमोर नीट लढला गेलाच नाही. ज्याने खातेचौकशी पाहिली आहे त्याला पुढचा प्रकार ओळखीचा वाटेल. नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्टरेख्टला धर्मसभा भरली. आर्मिनियसपंथी बरोबरीने चर्चा करायला निघाले होते. त्यांना उभे केले आरोपी म्हणून. कामकाजाच्या रीतीवर खटके उडाले, आणि जानेवारीत अध्यक्ष बोगरमान याने त्यांना सभेबाहेर घालवले. पुढचा निवाडा त्यांच्या लेखांवरून, त्यांच्या गैरहजेरीत झाला. राजकारणही त्यात होतेच. त्यांचा पाठीराखा, वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट, राजपुत्र मॉरिसच्या विरोधात गेला होता. १३ मे १६१९ रोजी हेग येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याचे वय ७१. कायदेपंडित ग्रोशियस याला जन्मठेप मिळाली. १६२१ साली तो पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटला. सुमारे दोनशे पाळकांच्या जागा गेल्या.

१६२५ साली मॉरिस मेल्यावर पकड सैल झाली. १६३० च्या सुमारास आम्स्टरडॅममध्ये त्यांना प्रार्थनामंदिर बांधू दिले गेले, पण ते घरांच्या आड. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते ओळखू येत नसे.