ब्रॅनिगन, मायकेल

ब्रॅनिगन, मायकेल : (१९९६– ). अमेरिकन मध्यम पल्ल्याचे धावपटू आणि रिओ दी जानेरो येथील २०१६ च्या पॅरालिंपिकमध्ये पुरुषांच्या १,५०० मीटर (टी-२०) शर्यतीचे सुवर्णपदकविजेते. टी-२० हा बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा धाव व उडी प्रकारांतील गट होय. बुद्ध्यंक ७५ किंवा त्याहून कमी असणे, दैनंदिन व्यवहार सांभाळण्यात लक्षणीय मर्यादा असणे आणि त्या वाढीच्या वयातच दिसून आलेल्या असणे, या त्याच्या पात्रतेच्या अटी आहेत.

ब्रॅनिगन न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर वाढले. त्यांना बालपणीच स्वमग्नतेचे निदान झाले. रोलिंग थंडर या विशेष गरजा असलेल्या खेळाडूंच्या क्लबात ते धावू लागले आणि पुढे नॉर्थपोर्ट हायस्कूलच्या संघातून त्यांनी नाव कमावले. तथापि महाविद्यालयीन स्पर्धांच्या शैक्षणिक पात्रतेच्या अटींमुळे अमेरिकेतील होतकरू धावपटूंचा नेहमीचा मार्ग त्यांना मिळाला नाही. २०१५ मध्ये दोहा येथे त्यांनी १,५०० मीटरचे जागतिक विजेतेपद मिळवले.

त्यांची सर्वांत मोलाची कामगिरी मात्र पॅरालिंपिकबाहेरची आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली येथे, अक्षमता नसलेल्या धावपटूंबरोबर खुल्या शर्यतीत त्यांनी एक मैल (सुमारे १,६०९ मीटर) अंतर ३ मिनिटे ५७.५८ सेकंदांत कापले आणि चार मिनिटांच्या आत मैल धावणारे ते टी-२० गटातील पहिले धावपटू ठरले. पुढच्याच महिन्यात त्यांनी रिओची शर्यत ३ मिनिटे ५१.७३ सेकंदांत जिंकली. मैलाच्या शर्यतीत वेग राखून ठेवणे, प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखणे आणि अखेरच्या फेरीत नेमक्या क्षणी मुसंडी मारणे हे सारे निर्णय धावता धावताच घ्यावे लागतात, हे लक्षात घेता या वेळेचे महत्त्व पदकाहूनही अधिक मानावे लागते.

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या गटांवर पूर्वी संशयाची छाया होती. सिडनी येथील २००० च्या स्पर्धेत बास्केटबॉलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्पेनच्या १२ पैकी १० खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नसल्याचे उघड झाले आणि त्याची शिक्षा खऱ्या पात्र खेळाडूंना २००४ व २००८ अशा दोन पॅरालिंपिकना मुकून भोगावी लागली. तो अन्यायच होता. लंडन येथे २०१२ मध्ये त्यांचे पुनरागमन झाले.

रिओनंतरच्या टोकिओ पॅरालिंपिकमध्ये ब्रॅनिगन यांना १,५०० मीटरमध्ये पदक मिळाले नाही. तेथे ब्रिटनचे ओवेन मिलर विजयी झाले. २०२४ मध्ये पॅरिस येथे याच शर्यतीत ब्रिटनच्याच बेन सँडिलँड्स यांनी ३ मिनिटे ४५.४० सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याच स्पर्धेत महिलांच्या ४०० मीटर (टी-२०) शर्यतीत तेलंगणच्या दीप्ती जीवनजी यांनी ५५.८२ सेकंदांत कांस्यपदक पटकावले.