ज्याचे त्याचे ओझे

१८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड या गावी, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ नावाच्या कॅनेडियन शिक्षकाने १८ उनाड विद्यार्थ्यांच्या एका वर्गासाठी बास्केटबॉलचा खेळ रचला, तेव्हा त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या : हिवाळ्यात कवायत, डंबेल्स आणि कसरतीचे दांडे यांना विटलेल्या त्या तरुणांची या साऱ्या सामग्रीपासून सुटका करावयाची, आणि बंदिस्त दालनात हाडे मोडू नयेत म्हणून खेळातून अंगबळाला शक्य तितके हद्दपार करावयाचे. लक्ष्य समोर उभे असले की चेंडू जोराने हाणण्याची बुद्धी होते. तेच आडवे करून डोक्याच्या वर टांगले की जोर निरुपयोगी ठरून चेंडू अलगद कमानीत सोडावा लागतो, असा विचार करून त्याने पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. आणि तो कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता एवढ्याच कारणाने १० फूट ही उंची त्या खेळाचा कायमचा शिरस्ता होऊन बसली. ज्या खेळाने बळाला असे दाराबाहेर ठेवले, त्याच्या खेळाडूंना एकेकाच्या मापाने बळाचा अभ्यास नेमून देण्याची विद्या पुढे कोठून आली, हा म्हणूनच कुतूहलाचा प्रश्न आहे. कारण तिचे उगम क्रीडांगणावर सापडत नाहीत.

पहिला उगम हार्वर्डचा. तरुणपणी सर्कशीत कसरती केलेला आणि पुढे येल येथे वैद्यकाची पदवी मिळविलेला डडली सार्जंट १८७९ मध्ये तेथील व्यायामशिक्षणाचा प्रमुख झाला, आणि हुकुमासरशी सगळ्यांनी एकच हालचाल करावी ही कवायतीची वहिवाट त्याने मोडून काढली. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे हृदय व फुप्फुसे तपासावीत, छाती, दंड, मांडी यांची मापे घ्यावीत, ती दप्तरी नोंदवावीत, आणि जो अवयव उणा आढळेल त्यासाठी कप्पीवरून ओढावयाच्या वजनांचा स्वतंत्र व्यायाम लिहून द्यावा, असा त्याचा बंदोबस्त होता. कप्पीच्या यंत्राचा गुण हा की दुबळ्यासाठी वजन उतरविता येते आणि सबळासाठी चढविता येते. परंतु त्याच्या टेपाला एक आदर्श पुरुष ठाऊक होता. हजारो मापांच्या सरासरीवरून घडविलेले अमेरिकन विद्यार्थ्यांचे पुतळे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडले गेले, ही गोष्ट मला बोलकी वाटते : व्यक्तीपासून निघालेली वाट सरासरीच्या दारात जाऊन थांबली. म्हातारपणी मात्र, १९२१ मध्ये, त्याने एक लहानशी चाचणी सुचविली. जागच्या जागी उभे राहून माणूस किती उंच उडी घेतो तेवढेच मोजावयाचे. ती उभी उडी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि बास्केटबॉलच्या खेळाडूची पहिली परीक्षा तीच असते.

यानंतर बराच काळ हा मार्ग खुंटला, याला कारण एक अंधश्रद्धा. वजने उचलणाऱ्याचे स्नायू आवळून जातात, त्याचा हात मंद होतो आणि नेम बिघडतो, असे शिक्षक, प्रशिक्षक आणि वैद्यही निःशंकपणे सांगत. मग ज्या खेळात बोटांच्या टोकावर सारे अवलंबून, त्यातील शहाण्या प्रशिक्षकाने आपल्या मुलांना बारबेलच्या जवळपास फिरकू देऊ नये, हे ओघानेच आले. या समजुतीला पहिला जाहीर धक्का बसला तो नेमका स्प्रिंगफील्डमध्येच. (याच विद्यालयातून शिकून आलेल्या हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासेस शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, म्हणून हे गाव आपल्याला सर्वस्वी परके नाही.) १९४० मध्ये जॉन ग्रिमेक आणि जॉन डेव्हिस हे दोन वजनवीर तेथे प्रात्यक्षिकासाठी आले असता, पीटर कार्पोविच या शरीरशास्त्रज्ञ प्राध्यापकाने भर सभेत ग्रिमेकला विचारले की, बाबा, तुला तुझी स्वतःची पाठ खाजविता येते काय? हशा पिकला, ग्रिमेकने पाठ खाजवून दाखविली, शिवाय गुडघे न वाकविता कोपरे जमिनीला टेकविली. कार्पोविच प्रामाणिक माणूस असला पाहिजे, कारण तो तेवढ्यावर थांबला नाही. १९५१ मध्ये झोर्बास या सहकाऱ्यासह त्याने ३०० वजन उचलणारे आणि ३०० न उचलणारे इसम एका फिरत्या दांड्यापुढे बसवून त्यांच्या हातांचा वेग मोजला, तेव्हा उचलणाऱ्यांचे हातच अधिक वेगाने फिरतात असे निष्पन्न झाले.

दरम्यान या विद्येचा खरा जन्म एका इस्पितळात होऊन गेला होता, आणि तोच तिचा दुसरा उगम. दुसऱ्या महायुद्धात गुडघे निकामी झालेले सैनिक शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात महिनोन्‌महिने पडून असत, आणि त्यांना हलकी वजने पुष्कळ वेळा उचलावयास लावण्याचा रिवाज असे, ज्याने मांडी थके पण भरत नसे. तेथील तरुण डॉक्टर टॉमस डीलॉर्म स्वतः वजने उचलण्याचा षोकी होता. त्याने रोग्याच्या पायात लोखंडी बूट अडकविला, पाय सरळ दहा वेळा उचलता येईल पण अकराव्यांदा येणार नाही असे वजन शोधले, आणि ते त्या रोग्याचे, त्या आठवड्याचे माप मानले. पुढच्या आठवड्यात माप पुन्हा घ्यावयाचे. १९४५ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासह ती आटोपशीर केली : प्रथम मापाच्या निम्म्या वजनाने दहा वेळा, मग पाऊण वजनाने, मग पूर्ण वजनाने. आपल्या तालमींतही वस्ताद पठ्ठ्याचे वय आणि खुराक पाहून जोर-बैठकांचा आकडा वाढवीत. परंतु वाढे तो आकडा, आणि ओझे पठ्ठ्याच्या देहाचेच राही. डीलॉर्मने आकडा स्थिर ठेवून ओझे वाढविले. सार्जंटने माणसाला विचारले होते, तू केवढा आहेस. डीलॉर्मने विचारले, तुला आज किती पेलते. या ‘आज’मध्येच पुढील सारा विस्तार दडलेला होता, असे मी समजतो.

इस्पितळातून ही रीत खेळात यावयास फार वेळ लागला नाही, पण बास्केटबॉलमध्ये ती चोरपावलांनी आली. लुइझियानातील बॅटन रूज येथे व्यायामशाळा चालविणाऱ्या ॲल्विन रॉयकडे सेंट लुईस हॉक्स या संघाचा सडपातळ, ६ फूट ९ इंच उंचीचा बॉब पेटिट वजने उचलू लागला; १९५८ च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात बॉस्टनविरुद्ध त्याने ५० गुण केले. तरीही हे एका खेळाडूचे खासगी प्रकरण राहिले. ते सार्वजनिक झाले १९८९ नंतर, जेव्हा डेट्रॉइटच्या संघाकडून धक्के खाऊन कंटाळलेल्या, शिकागो संघाच्या मायकेल जॉर्डनने टिम ग्रोव्हर हा तोवर अपरिचित असलेला शिक्षक पदरी ठेवला. जॉर्डनचे वजन २०० पौंडांच्या आसपासून २१५ पर्यंत गेले, परंतु ते एकदम चढविले नाही. कारण देहात भर पडली की उडीचा आणि फेकीचा जुना हिशेब चुकतो, आणि शरीराला नवा हिशेब शिकण्यास अवधी द्यावा लागतो. १९९१ मध्ये शिकागोने डेट्रॉइटला चारही सामन्यांत हरविले, आणि एकट्या माणसासाठी एकटा शिक्षक ही चाल श्रीमंत खेळाडूंत रूढ झाली.

या खेळाच्या देहांची अडचणही वेगळी आहे. सात फुटी खेळाडूच्या मांडीचे हाड एवढे लांब असते की खांद्यावर दांडा घेऊन पूर्ण बैठक मारताना त्याला ठेंगण्या गड्याच्या मानाने वजन बरेच अधिक अंतर वर न्यावे लागते, आणि कंबर फार पुढे झुकते. म्हणून तोच आकडा दोघांच्या खात्यावर लिहिणे हा सरळ अन्याय होय.

तिसरा उगम सर्वांत आडवळणाचा, बेडकाच्या मांडीतला. लंडनच्या ए. व्ही. हिलने १९३८ मध्ये दाखविले की स्नायूवर ओझे जसे वाढते तसा त्याचा आकुंचनाचा वेग एका ठरावीक वक्ररेषेने उतरतो. कार्मेलो बॉस्को या इटालियन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात उडीतील हवेतला काळ मोजण्याचे साधन प्रचारात आणले. आणि २०१२ च्या सुमारास पिएर सामोझिनो या फ्रेंच संशोधकाने या दोहोंची सांगड घालून म्हटले की प्रत्येक उडी मारणाऱ्याची अशी रेषा काढता येते. समजा, दोन खेळाडू मोकळ्या अंगाने सारखेच उंच उडतात, पण खांद्यावर वजन देताच एकाची उडी झपाट्याने कोसळते आणि दुसऱ्याची बेताने उतरते : पहिल्याला जोराची उणीव आहे, त्याला जड बैठका, दुसऱ्याला वेगाची, त्याला हलक्या, चपळ उड्या. २०१७ मध्ये हिमेनेथ-रेयेस आणि सहकाऱ्यांनी नऊ आठवड्यांच्या प्रयोगातून या मताला पुष्टी दिली, आणि ही रेषा प्रशिक्षकांच्या संगणकांत शिरली.

नॉर्वेत लिंडबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच खातरजमा पुन्हा केली, तेव्हा २०२१ मध्ये त्यांना आढळले की उणीव पाहून सराव दिलेल्या खेळाडूंना त्याचा वेगळा लाभ झालाच नाही. मला या निकालाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. उडीच्या एका सकाळी काढलेली रेषा माणसाच्या स्वभावाची जन्मपत्रिका समजणे ही सार्जंटच्या टेपाचीच नवी आवृत्ती आहे. अमेरिकन व्यावसायिक संघाला एका मोसमात ८२ सामने खेळावे लागतात, आणि रात्री विमानातून उतरलेल्या खेळाडूची रेषा सकाळी तीच राहत नाही. म्हणून अनेक संघांत खेळाडूला आधी चार उड्या मारावयास लावतात, उडी नेहमीपेक्षा उणी पडली तर फळ्यावरचे वजन उतरवितात, आणि मगच दांडा त्याच्या खांद्यावर देतात.