आधी रिकाम्या घराला खोली

19 जून 1981 रोजी कॉसमॉस 1267 हे निर्मनुष्य यान साल्यूत 6 स्थानकाला जाऊन जोडलं गेलं, तेव्हा स्थानकात कुणीच नव्हतं. कोवाल्योनोक आणि साविनिख ही अंतराळवीरांची शेवटची जोडी मे महिन्यातच परतली होती. भाडेकरू गेल्यावर मालकाने वाढीव बांधकाम काढावं, तसा हा हिशेब. काही बिघडलंच तर जीव कुणाचा जाणार नव्हता.

‘कॉसमॉस’ हे सोव्हिएत नाव तसं गोणपाटासारखं: आत काय आहे ते सांगायचं नसलं की वर हे नाव. या वेळी आत होतं रचनाकार चेलोमेई यांचं टीकेएस यान, ‘अल्माझ’ या लष्करी स्थानकांकडे माणसं आणि सामान नेण्यासाठी आखलेलं. उड्डाणाच्या वेळी वजन सुमारे 20 टन, म्हणजे जवळजवळ स्थानकाएवढंच. अल्माझ गुंडाळलं गेलं, टीकेएसमधून कधीच कुणी अंतराळात गेलं नाही. पण मोठा भाग आपोआप नेऊन जोडायला हेच वाहन कामी आलं.

माणसाविना जोडणीची सुरुवात मात्र त्याआधीची. एप्रिल 1967 मध्ये सोयूझ 1 च्या अपघातात अंतराळवीर कोमारोव्ह गेले आणि पुढची उड्डाणं निर्मनुष्य झाली. 30 ऑक्टोबरला कॉसमॉस 186 आणि 188 एकमेकांना जोडली गेली. रडारवर चालणाऱ्या ‘इग्ला’ यंत्रणेने ती जवळ आणली, एकाची दांडी दुसऱ्याच्या शंकूत अडकलीही, पण दोन्ही घट्ट ओढली गेली नाहीत, विजेचे जोड भिडलेच नाहीत. भारताच्या स्पेडेक्स यानांनी 16 जानेवारी 2025 रोजी जोडणीची जी परीक्षा दिली, तिचा हा पहिला, निम्माच सुटलेला पेपर. जानेवारी 1978 मध्ये प्रोग्रेस 1 या मालवाहू यानाने साल्यूत 6 ला रसद पोचवली आणि अशी जोडणी नेमाची झाली.

प्रोग्रेस सात टनांचं. वीस टनांची गोष्ट वेगळी. त्यातून इग्लाची एक खोड होती: येणाऱ्या यानाकडे स्थानकालाही तोंड वळवावं लागे. स्थानक लहान होतं तोवर ठीक. भाग जोडत गेलं की एवढं धूड फिरवणार कोण? म्हणून मीर स्थानकासाठी पुढे ‘कुर्स’ ही यंत्रणा आली. तिच्यात स्थानकाला वळावं लागत नसे.

पण मीरला पहिला जोडला गेलेला भाग, क्वांत, अजून इग्लावरच होता. 5 एप्रिल 1987 चा प्रयत्न फसला. चार दिवसांनी दांडी शंकूत बसली, तरी कडी भिडेनात. 11 तारखेला मीरवरचे अंतराळवीर रोमानेन्को आणि लावेईकिन बाहेर पडले आणि फटीत डोकावले, तर मध्ये एक पिशवी अडकलेली. बहुधा आधीच्या मालवाहू यानात कचरा भरताना राहून गेलेली. ती ओढून काढली, मग क्वांत घट्ट बसला. इतकं सगळं स्वयंचलित करून शेवटी हात घालावा लागला तो कचऱ्यात!

टीकेएसचा वंश मीरच्या पुढच्या भागांत चालू राहिला आणि आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या ‘झार्या’ या भागात उतरला. 26 जुलै 2000 रोजी झार्या, पुढे ‘युनिटी’ हा भाग जोडलेली, स्वतः ‘झ्वेझ्दा’ या नव्या भागापाशी गेली आणि जोडली गेली. दोन्हीकडे कुणी नव्हतं. राहायला माणसं आली ती 2 नोव्हेंबरला.