चरीचा बांध, 1933

पाय जपून टाका, बांध ओला आहे. 1933 चा ऑक्टोबर चालू आहे आणि तुम्ही अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, खारेपाटात उभे आहात. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला पिकत आलेलं भात. उधाणाने बांधाला खांड पाडली तर खारं पाणी आत शिरतं आणि जमीन नापीक होते. म्हणून खांड कुणाच्याही शेताजवळ पडो, चिखल सगळ्यांनी उचलायचा.

पाटी घेतलेल्या दादांना विचारा, "शेत तुमचं?" ते हसतील. ते कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे; जमीन खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. खळ्यावर भात झोडलं की खोताचा वाटा आधी मोजला जातो. वर वेठबिगार आणि नाना नावांच्या वसुल्या. उरलेलं भात पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरत नाही, मग कर्ज.

27 तारखेच्या सभेला थांबा. शेतकऱ्यांचे नेते नारायण नागू पाटील बोलतायत. खोताची जमीन कसायचीच नाही, असा संप पंचवीस गावं ठरवतात. तुम्हीही हात वर करता. हात वर करणं सोपं असतं.

आता 1935 च्या आषाढात या. लावणीचे दिवस, पण शेतात गवत माजलंय. बायकांबरोबर डोंगरावर चढा, लाकडाची मोळी डोक्यावर घ्या, ती विकून तांदूळ आणा. तांदूळ पिकवणारे तांदूळ विकत घेतायत. पुरुष खाडीत मासे, चिंबोऱ्या धरतायत. पोटात कावळे ओरडतील, पण एकट्याने खोताकडे जायचं नाही. गेल्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे येऊन या संपाला पाठिंबा देऊन गेले. 1937 मध्ये ते मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडतील.

1939 मध्ये, सुमारे सहा वर्षांनी संप मिटतो. त्याच वर्षीच्या कायद्यात 'संरक्षित कूळ' येतं. पुढे 1948 चा कूळकायदा होतो आणि 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरून कसणाऱ्याच्या मालकीची वाट मोकळी होते.

चरीच्या शेतकऱ्यांकडे पैसा नव्हता, पदं नव्हती. खांड सगळ्यांनी मिळून बुजवायची, ही सवय मात्र होती, आणि संप टिकला तो त्याच सवयीवर. कुळाच्या हक्काने आलेली जमीन तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर असेल, तर ती विकायला काढण्याआधी एकदा चरीला जाऊन या.