निवाऱ्याला न येणारीं माणसें



वादळ, महापूर, भूकंप किंवा दुष्काळ ओढवला म्हणजे पीडितांसाठीं निवारे उघडतात आणि स्वयंसेवकांची धांवपळ सुरू होते. निवाऱ्यांत किती लोक आले, किती जेवले, किती घोंगड्या वांटल्या, याचे आंकडे प्रसिद्ध होतात. जे आले नाहींत त्यांचा आंकडा मात्र सहसा कोणी मांडीत नाहीं. आज मला या न आलेल्या माणसांविषयीं बोलावयाचें आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकून नंदुरबार जिल्ह्यांत हयात घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु आमच्या भागाच्या इतिहासांत या प्रश्नाचें एक जुनें उदाहरण आहे, आणि त्याचा अर्थ मला स्वतःच्या एका चुकीमुळें उमगला.

सन १८९९ च्या पावसाळ्यानें दगा दिला. विक्रम संवताचें तें १९५६ वें वर्ष. म्हणून गुजराथेंत व तिला लागून असलेल्या मुलखांत छप्पन्नचा दुष्काळ हेंच नांव त्यास पडलें. त्या काळीं नंदुरबार जिल्हा नव्हता. खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता. त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ सालीं झाले. पश्चिम खानदेशास पुढें धुळें जिल्हा म्हणूं लागले, आणि त्यांतून नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. तापीकांठीं काळ्या जमिनीचा शेतकरी, आणि सातपुड्यांत भिल्ल, पावरा इत्यादि आदिवासी, अशी येथील वस्ती. पाऊस गेला तशी पिकें गेलीं, चारा गेला, आणि चाऱ्यामागून गुरें गेलीं.

सरकारपाशीं दुष्काळनिवारणाचे नियम तयार होते. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर चौकशी मंडळ नेमलें गेलें आणि त्याच्या १८८० च्या अहवालावरून 'फॅमिन कोड' म्हणजे दुष्काळसंहिता बनली. ज्याच्या अंगांत बळ आहे त्यानें रस्त्याची खडी फोडावी, तलावाची माती खणावी, आणि मापून दिलेलें काम पुरें करून मजुरी घ्यावी. म्हातारे व अपंग यांस गांवींच मदत द्यावी. निराधारांची सोय अन्नछत्रांत करावी, असा तो क्रम होता. कागदावर ही व्यवस्था सुरेख दिसते. परंतु तिच्या मुळाशीं एक समजूत दडलेली होती. खरा भुकेला असेल तो कितीहि दूर येईल आणि पडेल तें काम करील. जो येत नाहीं त्यास गरज नाहीं, अशी ती समजूत. गैरसोय हीच गरजेची कसोटी ठरली.

ही कसोटी डोंगरांत फसली. आदिवासी माणूस कामावर आला नाहीं तो भूक नव्हती म्हणून नव्हे. रान सोडून परक्या लोकांच्या गर्दींत राहावयाचें, मुकादमाची भाषा कळावयाची नाहीं, खणण्याफोडण्याच्या कामाचा हातास सराव नाहीं, आणि काम मापांत कमी भरलें कीं मजुरी कापली जावयाची! त्यांत कामाच्या छावण्यांत पटकी शिरली म्हणजे लोक घाबरून चोहोंकडे पळत आणि पळतांना रोगहि बरोबर नेत. त्यापेक्षां कंदमुळें आणि मोहाचीं फुलें यांवर दिवस काढणें डोंगरांतल्या माणसास बरें वाटे. जीं माणसें अखेर छावणीच्या दाराशीं येत, तीं बहुधा हाडांचे सांपळे होऊनच येत; मग अन्नहि त्यांना पचत नसे.

सर अँटनी मॅकडोनेल यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ मंडळानें १९०१ सालीं आपला अहवाल दिला. डोंगरी व रानांतील लोकांस निराळ्या रीतीनें, त्यांच्या वस्तीजवळच मदत दिली पाहिजे, हें त्यानें ओळखलें. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मदतीची वेळ येण्यापूर्वींच लोकांस धीर द्यावा, त्यांचें मन खचूं देऊं नये, यावर त्यानें मोठा भर दिला. परंतु ही सुबुद्धि सुचली तोंवर रानांतले पुष्कळ संसार उठले होते.

या धड्याचा खरा उपयोग पुढें सरकारी कामगारानें नव्हे, स्वयंसेवकानें केला. नामदार गोखले यांनीं १९०५ सालीं स्थापिलेल्या भारत सेवक समाजांत अमृतलाल ठक्कर हे १९१४ सालीं दाखल झाले. धंद्यानें ते इंजिनियर होते. आमच्या जिल्ह्याप्रमाणेंच भिल्लांची दाट वस्ती असलेल्या पंचमहालांत दुष्काळ पडला तेव्हां ते मदतीस गेले, आणि मदतीचें काम आटोपल्यावर परत फिरले नाहींत. १९२२ सालीं त्यांनीं दाहोद येथें भील सेवा मंडळ काढलें, आणि भिल्लांच्या मुलांसाठीं शाळा व आश्रम चालविले. लोक त्यांना ठक्करबाप्पा म्हणूं लागले. लोकांनीं आपणांकडे यावें ही अपेक्षा सोडून हा मनुष्य लोकांकडे गेला, एवढेंच त्यांतील मर्म.

दुष्काळाची ही गोष्ट चक्रीवादळासहि लागू पडते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळलें. समुद्राचें पाणी एरसमाच्या बाजूस गांवेंच्या गांवें गिळीत गेलें आणि सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. पक्के निवारे थोडकेच होते. आणि गुरें व घर टाकून जावें कसें, या विवंचनेंत पुष्कळ लोक जागचे हलले नव्हते. पुढें त्या राज्यानें उंच खांबांवर निवारे बांधले, एरवीं त्यांत शाळा भरविल्या, कांहीं ठिकाणीं गुरांचीहि सोय केली, आणि गांवच्याच तरुणांस घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांस आणण्याचें शिक्षण दिलें. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं 'फायलिन' हें प्रचंड वादळ आलें तेव्हां सुमारें दहा लाख लोक आधींच हलविले गेले होते. मृतांची संख्या शंभराच्याहि आंत राहिली. आपल्या कोंकणांतहि ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यास लागलें, तेव्हां करोनाची सांथ असतांनाहि किनाऱ्यावरचे हजारों लोक आदल्या दिवसापासून शाळाशाळांतून नेले गेले. नारळी-पोफळीच्या बागा उध्वस्त झाल्या, पण माणसें बहुतांशीं वांचलीं.

आतां माझी चूक सांगतों. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत आमच्या नवापूर तालुक्यांत अतोनात पाऊस कोसळला. रंगावली व सरपणी या नद्यांचें पाणी वस्त्यांत शिरलें. माणसें दगावलीं, घरें वाहून गेलीं. मी नुकताच सेवानिवृत्त झालों होतों. एका शाळेंत पूरग्रस्तांस आसरा दिला होता, तेथें मी कामास गेलों. दाराशीं वही घेऊन बसावें, नांव पुकारावें, खूण करावी आणि मग ताट द्यावें, हें काम माझ्याकडे आलें. जन्मभर हजेरी घेण्याची संवय! दुपारीं एक तरुण मूल कडेवर घेऊन रांगेच्या बाहेरून पुढें आला. 'रांगेंत उभा राहा,' असें मी मान वर न करतां खेंकसलों. 'हो, गुरुजी,' एवढेंच तो म्हणाला. आवाज ओळखीचा वाटला म्हणून पाहतों, तों माझाच जुना विद्यार्थी! मूल बायकोपाशीं देऊन तो बाहेर पडला, तो जेवावयास आलाच नाहीं.

संध्याकाळीं मी त्याला शोधीत गेलों. पडलेल्या घराचीं धड उरलेलीं कौलें तो चिखलांतून वेंचीत होता. मला पाहून तो उभा राहिला. 'गुरुजी, पोर जेवलें, तेवढें पुरे. शाळेंत तुम्हीं नांव घेतलें कीं मी हजर म्हणत होतों. आज साऱ्या गांवासमोर नांव पुकारलें जाऊन ताट घेणें मला जमेना.' मला उत्तर सुचलें नाहीं. छप्पन्नच्या सालचा डोंगरांतला माणूस छावणीला कां आला नसेल, हें मीं अनेक वेळां वाचलें होतें. तें मला त्या चिखलांत कळलें.

'तूं मला वस्ती दाखव,' असें मी त्याला म्हणालों. आम्ही दोघे घरोघर फिरलों. एक म्हातारी बाई शेळ्यांसाठीं अर्ध्या पडलेल्या झोंपडींत बसली होती. एका घरीं बाळंतीण होती, आणि अनोळखी पुरुषांच्या गर्दींत तिला आणण्यास घरचीं माणसें तयार नव्हतीं. शेळ्या शाळेच्या ओट्यावर बांधल्या. बाळंतिणीस एक वेगळी खोली दिली. दुसऱ्या दिवसापासून नांवें पुकारणें बंद केलें, आणि आसऱ्यास आलेल्या बायापुरुषांनींच चूल हातीं घेतली. डाळभात वाढावयास माझा विद्यार्थी उभा राहिला, आणि सर्वांचें झाल्यावर तोहि जेवला.

सन २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानें निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचें किमान प्रमाण ठरविण्याची जबाबदारी राष्ट्रीय प्राधिकरणावर टाकली आहे. आतां ही मदत म्हणजे कोणाची मेहेरबानी राहिलेली नाहीं. परंतु कायदा छप्पर देईल, धान्य देईल. म्हातारीला शेळ्यांसह घेऊन या, असें सांगावयास तो झोंपडीपर्यंत जाणार नाहीं. तें स्वयंसेवकासच केलें पाहिजे. पुढें कधीं आपणांवर निवाऱ्यांत सेवा करण्याचा प्रसंग आला, तर आलेल्यांची मोजदाद झाल्यावर वही मिटूं नका. गांवांत आणखी कोण आहे तें विचारा, आणि विचारून थांबूं नका, त्यांच्या घरीं जा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.