अर्ध्या मिलिमीटरचे झाकण

इलेक्ट्रिक गिटार आपण प्रत्यक्ष नाही तरी चित्रात नक्की पाहिलेली असते. तिच्या तारांखाली एक-दोन चपट्या, चकचकीत डब्या दिसतात. या डबीला पिकअप म्हणतात. तारेचे कंपन टिपून त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करणे हे तिचे काम. वरचे चकचकीत झाकण मात्र निव्वळ शोभेचे वाटते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक वादकांनी हे झाकण स्वतःच्या हाताने, डाख वितळवून, काढून टाकले. चांगल्या महाग वाद्याची अशी मोडतोड त्यांनी का केली असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आपल्याला पुन्हा भेटते.

नालाखालून जाणाऱ्या तारा

मुळात पिकअप चालतो कसा? चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर ताणलेली गिटारची तार पोलादी असते. चुंबकाच्या सान्निध्यात तीही चुंबकित होते. ती कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. तार आणि वेटोळे यांतले अंतर जितके कमी, तितका हा संकेत मोठा.

अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्प यांनी १९३१ च्या सुमारास घडवलेल्या पिकअपमध्ये नालाकृती चुंबकांची जोडी होती. तिच्या कमानीखालून तारा जात. रिकेनबॅकरची ही गिटार गोल आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली गेली. बोशॅम्प यांनी १९३४ मध्ये केलेल्या अर्जावर १९३७ मध्ये पेटंट मिळाले. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत. पण चुंबक तारांच्या वर आला की तेवढ्या जागेत हात घालता येत नाही. पुढे चुंबक तारांच्या खाली गेले आणि वरची जागा हाताला मोकळी झाली.

फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील टेलिकास्टर गिटारवर घोडीजवळचा पिकअप झाकणारे मोठे धातूचे आवरण असे. घोडीपाशी तळव्याची कड टेकवून तार दाबावी, तर हे आवरण आडवे येई. वादकांनी ते काढून ठेवले आणि त्याचा उपयोग विडी-सिगारेटची राख झाडायला होऊ लागला. आजही त्याला ‘अ‍ॅशट्रे’च म्हणतात!

गुणगुण आणि तिच्यावरचा इलाज

पिकअपचे वेटोळे भोळे असते. तारेच्या कंपनाबरोबर ते आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे बदलते चुंबकीय क्षेत्रही टिपते. मग ध्वनिवर्धकातून सतत गुणगुण ऐकू येते. गिब्सन कंपनीतले अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरच्या इलाजासाठी पेटंटचा अर्ज केला. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली. त्यांची जोडणी उलटसुलट केली आणि त्यांच्यातील चुंबकीय ध्रुवही उलट ठेवले. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हींत परस्परविरुद्ध होऊन नाहीशी होते, तर तारेचा संकेत मात्र एकमेकांत मिळवला जातो. १९५९ मध्ये हे पेटंट मंजूर झाले.

गुणगुण गेली तरी विद्युत क्षेत्रातून येणारी खरखर उरतेच. तिला अडवायला जमिनीशी जोडलेले धातूचे झाकण लागते. इथेच खरी अडचण आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूचा पत्रा ठेवला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. लेंझच्या नियमानुसार ते मूळ बदलाला विरोध करतात. बदल जितका जलद, तितका हा विरोध जास्त. म्हणून खर्जातले स्वर जवळजवळ तसेच राहतात, पण स्वराला धार देणाऱ्या उच्च कंप्रता मात्र मंदावतात.

विरोध कमी करायचा तर पत्र्याची रोधकता जास्त हवी. लव्हर यांनी आधी स्टेनलेस स्टील वापरून पाहिले, पण त्याला डाख नीट बसेना. अखेर निवड झाली जर्मन सिल्व्हरची. आपल्याकडे ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात ते अ‍ॅल्युमिनियमचे. हा धातू निराळा. तांबे, जस्त आणि निकेल यांचा हा मिश्रधातू. नावात चांदी, पण आत चांदीचा अंशही नाही. त्याची रोधकता पितळेच्या साधारण चौपट-पाचपट आणि तांब्याच्या पंधरापटीहून अधिक असते. जुन्या रोधपेट्यांत याच्या तारेची वेटोळी असत, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल.

दोन मिलिमीटरांचा हिशेब

तरीही वादकांनी झाकण काढलेच. त्याचे कारण अंतरात आहे. शेवटच्या पडद्यावर तार दाबली असता ती आणि पिकअप यांत सुमारे दोन मिलिमीटर जागा ठेवतात. जाड तार जोराने छेडली की बरीच झुलते. ती खाली आपटता कामा नये. या दोन मिलिमीटरांच्या शेजारी झाकणाचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर. तो गेला की तेवढेच वेटोळे तारेजवळ आणता येते किंवा पिकअप तसाच ठेवून तारेला झुलायला मोकळीक देता येते. शिवाय भोवरा प्रवाहही थांबतात.

मग पिकअप अगदी वर का उचलू नये? कारण चुंबक तारेला ओढतो. फार जवळ आल्यास तिच्या कंपनात व्यत्यय येतो आणि स्वर बेसूर, डगमगता होतो. तारांच्या थेट खाली दंडचुंबक असलेल्या पिकअपमध्ये हा दोष विशेष जाणवतो.

झाकण काढण्याची किंमतही मोजावी लागते. खरखरीपासूनचे संरक्षण जाते, नाजूक वेटोळे उघडे पडते. लव्हर यांची निवड चुकीची नव्हती आणि वादकांचीही नाही. कारखान्याला शांत पिकअप हवा होता, वादकाला धारदार आवाज. दोघांनीही तेच नियम वापरले. वादकाने फक्त कानांनी.

वर्गात करून पाहण्यासाठी

सारख्या लांबीच्या तीन नळ्या घ्या: प्लॅस्टिकची, अ‍ॅल्युमिनियमची आणि उभी चीर पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची. प्रत्येकीतून एक लहान, ताकदवान चुंबक सोडा आणि पडण्याचा वेळ मोजा. अखंड धातूच्या नळीत चुंबक तरंगत उतरल्यासारखा दिसेल. चिरलेल्या नळीत तो त्याहून लवकर पडेल, कारण फिरणाऱ्या प्रवाहांची वाट तुटते.

मग विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा. पिकअपचे झाकण न काढता त्याला चीर पाडली, तर काय मिळेल आणि काय गमवावे लागेल? चीर कोणत्या दिशेने पाडावी, हेही त्यांनाच ठरवू द्या.